तिच्या दारासमोरचा ताणा

नवतपा लागला की मला अजूनही एका घराचं वाईट चिंतावंसं वाटतं.

वय झालं की राग निवतो असं लोक सांगतात. सांगोत. मे महिना संपत आला की ते नऊ दिवस येतात. सकाळी सातलाच गच्चीवर पाय ठेववत नाही, डांबर चपलेला चिकटतं, कावळे चोच उघडी टाकून नळाखाली बसतात. सगळं नागपूर तेव्हा कूलरच्या पाण्याची काळजी करत असतं. मी त्या दिवसांत ठणठणीत असते. मला भूक लागते. जुनं भांडण आठवलं की मला नेहमीच भूक लागते.

आता मी शहराबाहेर बेसाला राहते, चौथ्या मजल्यावर. घरात दोन संडास आहेत आणि राहणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि माझी नात. तिला पुण्याला नोकरी लागली आहे, म्हणून ती रोज मोबाइलवर भाड्याची घरं बघते. ओटा, कपाटं, गाडी ठेवायची जागा, खिडकीतून दिसणारं झाड, सगळ्याचे फोटो असतात. परवा मला म्हणाली, "आजी, तू असतीस तर पहिलं काय बघितलं असतंस?"

"संडास. घरात आहे की बाहेर. आणि त्याला आतून कडी लागते का."

ती हसली. तिला वाटलं म्हातारीनं गंमत केली.

तिच्या फोटोंत माणसं नसतात, हे मला पटत नाही. घर बघायचं तर आधी मालकिणीचं तोंड बघावं. भिंतीला रंग मारता येतो.

आम्ही तेव्हा तांडापेठेत राहत होतो, कोष्ट्यांच्या गल्लीत. सत्तर सालानंतरचे उन्हाळे ते. घर आमचंच, पण घर म्हणजे दोन खोल्या. मागच्या खोलीत चूल आणि आम्ही चार जण. पुढची खोली मागाची. आमचा माग खड्ड्याचा होता. जमिनीत कमरेइतका खड्डा, त्यात पाय सोडून माझे सासरे काठावर बसायचे आणि नऊवारी लुगडी विणायचे. त्यांना मी मामाजी म्हणायची, आमच्याकडे तसंच म्हणतात. मी चरख्यावर कांड्या भरून द्यायची. मंदीचे बाबा, म्हणजे आमचे हे, माग सोडून इतवारीत कापडाच्या दुकानात लागले होते. गिऱ्हाइकासमोर ठाण उलगडायचं आणि नापसंत झालं की पुन्हा घडी घालून फळीवर ठेवायचं, हे त्यांचं काम. ते काम करून करून माणूस तसाच झाला होता. कोणी काही नाकारलं की ते त्याचीही नीट घडी घालून घरी येत.

मंदी आमची एकुलती. बारा वर्षांची होती. लहानपणी तापात तिचा डावा पाय गेला. गुडघ्यावर हात दाबून ती चालायची. शाळेत हुशार, मला चौथीपर्यंत जे शिकवलं ते तिला दुसरीत येत होतं.

गल्लीचा संडास गल्लीच्या टोकाला. पाच पायऱ्या चढून जायचं. बायांकडे चार खोल्या, त्यातल्या दोन बिनदाराच्या, एकीला दार आहे पण कडी नाही. चौथीसाठी रांग. दार नसलेल्या खोलीत जायचं तर पुढे कोणीतरी पोतं धरून उभं राहायचं. पायऱ्यांवर मंदीला धरून चढवावं लागे आणि मागच्या बाया ओरडत, "चाल वं लौकर! तिथी काय मुक्काम करून राहिली का?" त्या वाईट नव्हत्या. त्यांना कामं होती.

पोरीनं यावर आपला उपाय काढला. तिनं पाणी पिणं सोडलं.

मला कळायला वेळ लागला. एप्रिल लागला होता. बाजारात डांगरं, म्हणजे खरबुजं, आली होती. मी एक चिरलं आणि फोड तिच्यापुढे केली, तर ती म्हणाली, "मले नाही पाहिजे."

"काहून? तुले तं आवडते."

"त्यात लय पाणी राहते."

उन्हाळ्यात मागाखाली आम्ही पाणी शिंपडायचो. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून खड्ड्यात ओली वाळू आणि ओलं पोतं. दिवसातून तीनदा मी मागाला पाणी द्यायची. मागाला मिळत होतं. पोरगी कोरडी बसून त्याच मागाशेजारी गणितं सोडवत होती आणि मला दिसलं नाही. हे मी कोणावर ढकलत नाही, हे माझं.

मग तिला ताप आला, कंबर धरून रडायला लागली. डॉक्टरांनी तपासलं, मला बाहेर बोलावलं आणि विचारलं, "ही दिवसाला किती पाणी पिते?" मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "औषध मी देईन. पण पाणी नाही प्याली तर हिची मूत्रपिंडं जातील. त्याला माझ्याकडे औषध नाही. नवतप्याच्या आत काहीतरी सोय करा."

सोय म्हणजे घर. संडास आत असलेलं, तळमजल्याचं, आमच्या ऐपतीचं. तेव्हा नाल्यापलीकडे नवीन ले-आऊट पडले होते. सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना कडुलिंब, सिमेंटची घरं. त्या घरांचा मागचा किंवा वरचा भाग भाड्यानं देत, त्याला ब्लॉक म्हणत. ब्लॉक हा शब्द आमच्या गल्लीत नवीन होता. दोन खोल्या, स्वयंपाकघरात नळ, बटण दाबलं की दिवा, आणि आतच न्हाणीघर आणि पांढऱ्या भांड्याचा, साखळी ओढायचा संडास. गयाबाई, आमची शेजारीण, तिला मी सांगितलं तर ती म्हणाली, "घरातच? जिथी स्वयंपाक करते तिथीच? छी वं!" आणि मग थोडं थांबून, "कडी राहते का त्याले?"

आम्ही घरं बघत निघालो. रविवारी हे सोबत, बाकीच्या दिवशी मी एकटी. डोक्याला ओला फडका, लू लागू नये म्हणून कनवटीला कांदा. किती दारं वाजवली ते आठवत नाही, पण प्रश्न पाठ झाले. आडनाव काय? कोणत्या जातीचे? मटण शिजवता? माणसं किती? यजमान काय करतात? बँकेत नाहीत? बदलीची नोकरी नाही? हा बदलीचा प्रश्न मला पहिल्यांदा समजलाच नाही. मग एका म्हाताऱ्यानं उलगडून सांगितलं. बदलीवाला माणूस तीन वर्षांनी आपला आपण निघून जातो. इथला माणूस एकदा घुसला की कायदा त्याच्या बाजूनं, मेल्याशिवाय निघत नाही. "तुम्ही इथलेच?" त्यानं विचारलं.

"हाव. चार पिढ्या."

"मग नाही हो," तो म्हणाला, आणि दार लावलं. परक्या गावातून आलो असतो तर या गावात घर मिळालं असतं.

एक बाई म्हणाली, संडास मिळेल, पण आमच्या घरच्यांचं सगळं आटोपल्यावर, सकाळी नऊनंतर. मी म्हटलं, "पोटाले घड्याळ लावून देता का?" हे माझा हात ओढून मला बाहेर घेऊन गेले. एका घराला खिडकीच नव्हती. एका घरी नळ होता, पण त्याला पाणी पुढच्या वर्षी येणार होतं.

आणि मग तिचं घर.

तिचं नाव मी लिहीत नाही. तिची मुलं-नातवंडं असतील, त्यांच्याशी माझं काही नाही. नवरा मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, दिवसभर पेपर वाचायचा. बाई उंच, गोरी, पातळ कडक इस्त्रीचं. बोलणं साखरेचं. ब्लॉक तळमजल्यावर, पश्चिमेला तोंड. दुपारी ऊन थेट आत येई, म्हणून साहेबलोक तिथं टिकत नसत आणि म्हणून भाडं आम्हाला जमण्यासारखं होतं. फरशी मोझॅकची, काळे-पांढरे दाणे, आरशासारखी घासलेली. बाईंनी स्वतः साखळी ओढून दाखवली. पाणी धो धो आलं. मी आजवर देवळातही तशी हात जोडून उभी राहिले नव्हते.

"छोटं कुटुंब आहे तुमचं, मला आवडलं," बाई म्हणाल्या. "एक तारखेला या राहायला. त्याआधी घरातल्या मोठ्यांना दाखवून न्या हवं तर."

त्यांनी सांगितलं नसतं तरी मी नेलं असतं. मला आनंद दाखवायचा होता. माझी चूक तिथंच झाली.

दुसऱ्या दिवशी मी मामाजींना आणि मंदीला घेऊन गेले. मंदी सायकल-रिक्षातून उतरली, फाटक ते दार चालली, आणि दारातच मला हळूच म्हणाली, "आई, लागली." बाईंना ऐकू गेलं. "जा ना बाळ, लाजतेस काय," असं त्या म्हणाल्या. मंदी आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. ती बराच वेळ आत होती. मागून कोणी ओरडत नव्हतं, म्हणून घेतला असेल तिनं वेळ.

तेवढ्यात मामाजी पुढच्या खोलीत खाली बसले. कोपरापासून बोटापर्यंत हात लावत लावत फरशी मोजायला लागले. खिडकीकडे बघितलं, उजेड बघितला, मान डोलावली. मग बाईंना विचारलं, "बाई, खड्डा कुठी खणाचा?"

"कसला खड्डा?"

"मागाचा. इथी उजेड बरा हाय. ह्या एवढ्या फरशा मी सोता काढतो, एक नाही फुटणार. जाताना पुन्हा लावून देईन."

मामाजींनी आयुष्यात कोणाचं घर असं पाहिलंच नव्हतं की ज्यात माग नाही. घर म्हणजे आधी खड्डा, मग भिंती. त्यांच्या मनानं ते बाईंना भरवसा देत होते.

बाई आधी हसल्या. मग त्यांचं हसू गेलं. "अहो, हे मोझॅक आहे! घासायलाच पंधरा दिवस लागले. खड्डा काय खणताय?"

मी मध्ये पडले. "बाई, माग इथी येनार नाही. माग आमच्या घरीच राहीन. म्हातारा माणूस हाय, मनावर घेऊ नका."

"बरं, बरं. कळवते मी."

मंदी बाहेर आली. तिचं तोंड उजळलं होतं. ती मुद्दाम एकदा खोलीभर चालली आणि म्हणाली, "इथं पाय घसरत नाही वं आई, मी चालून पाह्यलं." आम्ही निघालो. फाटकाला लोखंडी आकडा होता, तो मामाजींना लागत नव्हता, म्हणून आम्ही तिथं थांबलो. तेव्हा मागून बादली आपटल्याचा आवाज आला. मग खराटा. बाई स्वतः धूत होत्या, मोलकरणीची वाट न बघता. फिनाइलचा वास फाटकापर्यंत आला. आम्ही रस्त्यावर पोचेपर्यंतसुद्धा तिला दम निघाला नाही.

मंदीनं ऐकलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, मी पाणी टाकलं होतं वं. दोन डबे टाकले."

मी तिचा हात धरला आणि चालायला लागले. 

तिसऱ्या दिवशी दुकानात चिठ्ठी आली. आमची फरशी गुळगुळीत आहे, तुमची मुलगी घसरून पडली तर आम्हाला वाईट वाटेल, तेव्हा क्षमस्व. यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात ठेवली. मामाजी आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत. त्यांना वाटत होतं सगळं त्यांच्या खड्ड्यामुळे बिघडलं. मी त्यांना खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते हातमागाचा दांडा घेऊन तिकडे गेले असते, आणि ते काम मला करायचं होतं.

मंदीनं त्या दिवसापासून घोटसुद्धा मोजून घ्यायला सुरुवात केली. मी चमच्यानं पाजायची, तर ती ओठ मिटायची. ताप पुन्हा आला. डॉक्टरांनी औषध बदललं आणि नवतप्याला किती दिवस उरले ते बोटांवर मोजलं. 

माणसं म्हणतात, रागात डोकं चालत नाही. माझं फार चांगलं चालतं.

त्याच महिन्यात आमच्या गल्लीत नळाची लाइन टाकायला खोदकाम निघालं. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी पडली. आता विणकराला गल्ली कशाला लागते ते सांगते. मागावर चढवायच्या आधी उभं सूत, म्हणजे ताणा, लांबच लांब ताणून त्याला शिजवलेल्या पिठाची खळ पाजावी लागते. बांबूच्या काठ्यांवर ताणा पसरायचा, दोन्ही बाजूंनी बायामाणसांनी मोठे कुंचे घेऊन खळ चोळत जायचं. याला पांजणी म्हणतात. पहाटे करायची, ऊन चढायच्या आत. त्याला रस्ता सरळ हवा, थोडी सावली हवी. आमच्या गल्लीतल्या सहा घरांचं काम खोदकामानं अडलं. माग रिकामे पडले.

गयाबाई डोक्याला हात लावून बसली होती. "आता ताणा कुठी लावाचा वं? नाल्यात?"

"नाल्यापलीकडं," मी म्हटलं. "जागा मी दाखवते. सरळ रस्ता हाय, कडुलिंब हाय, वाहन नाही, मानूस नाही."

"ते साहेब लोक हाकलून देतीन."

"रस्ता साहेबाच्या बापाचा नाही. चाल तू."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सहा घरांची माणसं काठ्या, कुंचे, खळीची घमेली घेऊन तिच्या दारासमोर उभे राहिलो. रस्ता खरोखर चांगला होता. मामाजींनी ताण्यावरून हात फिरवला आणि आठ दिवसांत पहिल्यांदा बोलले, "जागा बेस हाय." त्यांना घर कोणाचं ते कळलं होतं. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

खळीचा वास ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. ताजी असते तोवर ठीक. उन्हाळ्यात ती एका रात्रीत आंबते. तिच्या घराला रस्त्याच्या बाजूनं मोठा कूलर लावला होता, लोखंडी पिंजरा आणि त्यात वाळ्याच्या ताट्या. त्या ले-आऊटमधल्या पहिल्या कूलरांपैकी असेल. कूलर बाहेरची हवा आत ओढतो. नवतप्याच्या तोंडावर तो पहाटेही चालू असायचा. आमच्या खळीचा वास तो जसाच्या तसा तिच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवायचा, वाळ्याचा थंडावा लावून. आणि मी आणखी एक करायची. उरलेली खळ घरी परत न नेता त्या कूलरखालच्या नालीत ओतायची. आमच्यात खळ वाया घालवणं पाप समजतात. मी ते नऊ-दहा वेळा केलं आणि मला त्याची लाज नाही.

दुसऱ्याच दिवशी बाई बाहेर आल्या. पदर नाकाला. "अहो, हे काय चाललंय? हा रस्ता आहे!"

"रस्ताच हाय बाई," मी म्हटलं. "मोझॅक नाही."

तिनं मला ओळखलं. तोंडावरून दिसलं. "तुम्ही... तुम्ही मुद्दाम करताय."

"आमची गल्ली खोदली हाय. विचारा कोनाले बी. काहून गयाबाई?"

गयाबाई कुंचा हाणत म्हणाली, "खोदली ना बाप्पा! अन् बाई, जरा बाजूले व्हा, पातळावर खळ उडन."

तिच्या नवऱ्यानं कुठं कुठं तक्रार केली म्हणे. कोणी आलं नाही. एक साहेब मात्र सहकुटुंब ब्लॉक बघायला आले होते. रिक्षातून उतरले, नाकाला रुमाल लावला, ताण्याला वळसा घालून फाटकापर्यंत गेले आणि तिथूनच परतले. त्यांच्या बायकोनं मला विचारलं, "हे रोज असतं का इथं?"

"रोज," मी म्हटलं. "बाराही महिने."

असे तीन आले आणि तीन गेले. बदलीवाले, बँकेवाले, सगळे. ब्लॉक रिकामा तो रिकामा.

मला यात सुख होतं आणि ते मी लपवत नाही. पण घरी गेलं की मंदी सुकत चाललेली. तेव्हा मात्र वाटे, मी काय करते आहे? तिच्या दिवाणखान्यात वास भरून माझ्या पोरीच्या पोटात पाणी जाणार आहे का? हे एकदा बोलले तर आमचे हे म्हणाले, "जाऊ दे ना आता. दुसरं पाहू." मी म्हटलं, "दुसरं कोनतं? सांगा, आताच जाऊ."  दुसरं नव्हतं.

नवतप्याच्या आदल्या दिवशी तिची मोलकरीण आली. बाईंना बोलायचं आहे, संध्याकाळी बंगल्यावर या.

"त्याहिले सांग," मी म्हटलं, "बोलाचं असन तं आमच्या घरी या. सकाळी सहाले. उशीर करू नका, तेवढा एक दिवस आम्ही ताणा थांबवतो."

ती आली. मला वाटलं होतं येणार नाही. छत्री घेऊन, नाल्यावरचा लाकडी साकव ओलांडून, खोदलेल्या गल्लीच्या कडेकडेनं, मातीच्या ढिगांवरून, पदर सावरत. सकाळी सहालाच हवा भट्टीसारखी होती. आमच्या दारात पोचली तेव्हा तिच्या कानामागून घाम वाहत होता. मी तिला खाटेवर बसवलं आणि माठातलं पाणी दिलं. ती एका दमात प्याली. मी दुसरा गडू भरला. तोही प्याली. मग मी चहा ठेवला.

"तुम्हीच या राहायला," ती म्हणाली. "ठरलं होतं त्याच भाड्यानं. पण ते रस्त्यावरचं बंद करा. ह्यांना दम्याचा त्रास आहे हो."

"आमची मुलगी फरशीवर घसरन ना?"

ती खाली बघत राहिली. "झालं ते झालं."

"किल्ली आनली का?"

तिनं पिशवीतून किल्ली काढली. मी हात पुढे केला नाही. मामाजींकडे बोट दाखवलं. तिनं ती मामाजींच्या हातात दिली. मामाजी म्हणाले, "फरशीले हात नाही लावणार बाई," आणि खरंच त्यांनी पुढे कधी लावला नाही, रोज नाला ओलांडून मागावर येत राहिले.

किल्ली मिळाली, म्हणजे माझं काम झालं होतं. शहाणी बाई तिथं थांबली असती. मी चहाचा कप तिच्या हातात दिला. मग आंब्याचं पन्हं केलं होतं, ते पुढे केलं. "पहिल्यांदा आमच्या घरी आल्या, असं कसं चालन?" आमच्याकडे पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही, आणि पाहुण्यालाही नाही म्हणता येत नाही. ती पीत गेली. बाहेर उकाडा, आत मागाची ओल, आणि माझा हात थांबत नव्हता. पन्ह्यावर पुन्हा पाणी. ती घेणार तेवढ्यात कोपऱ्यातून मंदी बोलली.

"काकू, लय पिऊ नका. संडास दूर हाय."

बाईंचा हात हवेत थांबला. गडू तोंडापर्यंत गेला नाही. तिनं मंदीकडे बघितलं, तिच्या पायाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं. माझंही आणि पोरीचंही.

मला मंदीचा इतका राग आला की काय सांगू. मी सगळं जुळवून आणलं होतं. दोन गडू पाणी, चहा, पन्हं. आणि ज्या पोरीसाठी मी हे मांडलं, ती तिलाच सावध करत होती. पण उशीर झाला होता. थोड्या वेळानं बाई खाटेवर सारखी हलायला लागली. मग उठली, आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "जवळपास कुठे...?"

"मंदे, दाखवून दे वं काकूले," मी म्हटलं, आणि टमरेल भरून दिलं.

दोघी गेल्या, कडेकडेनं. मंदी गुडघ्यावर हात दाबत पुढे, ती टमरेल धरून मागे. मी दारात उभी राहिले. सकाळची वेळ, रांग भरलेली. मंदीनं तिला शेवटी उभं केलं, पायऱ्या दाखवल्या आणि परत आली. रांगेतल्या कोणत्याही बाईनं तिला पुढे जाऊ दिलं नाही. एरवी त्यांनी न सांगताच जाऊ दिलं असतं, पाहुणीला आमच्या गल्लीत तेवढा मान असतोच. पण मी आदल्या संध्याकाळीच गयाबाईला सांगून ठेवलं होतं.

मंदी आत आली आणि माठाजवळ बसली.

"आई, पाणी दे."

"आत्ता?"

"आता आपण तिकडं जातो ना? मग काय."

मी गडू भरून दिला. ती प्याली. आणखी मागितलं, तेही प्याली. घशातून पाणी उतरताना तिची मान हलताना मला दिसत होती, आणि दारातून पलीकडे बाई रांगेत उभी दिसत होती, तिच्यापुढे अजून सहा बाया. दोन्ही एकाच वेळी बघायला मिळालं. त्यातलं मला जास्त गोड काय लागलं, ते विचारू नका.